खालून आलेला होकार

हे खरं घडलेलं आहे.

मला माहीत आहे, इथे प्रत्येकजण हेच म्हणून सुरुवात करतो. मीही वाचतो ना. अमावस्येची रात्र, सुनसान रस्ता, रडणारी कुत्री आणि पांढऱ्या कपड्यातली बाई. माझ्या गोष्टीत यातलं काहीच नाही. रविवार होता. दुपारचे सव्वातीन वाजले होते. बाहेर लख्ख ऊन पडलं होतं आणि मी एका सात मजली ऑफिसच्या इमारतीच्या गच्चीवर, लिफ्टच्या मशीन रूममध्ये उभा होतो.

मी लिफ्टचा मिस्त्री. या धंद्यात सव्वीस वर्षं झाली. नावं कुणाचीच देणार नाही. ज्यांच्याबद्दल लिहितोय त्यांच्याशी रोज गाठ पडते.

स्वभावाने मी तिरसट. ताई म्हणते, तुझ्या तोंडी लागण्यापेक्षा भिंतीवर डोकं आपटलेलं बरं. भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नव्हता. देवावरही नव्हता. माझा विश्वास मेन स्विचवर. बंद म्हणजे बंद.

आता काय ते तुम्हीच ठरवा.

आधी आमचं काम कसं चालतं ते सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. लिफ्ट दुरुस्त करायला दोघं लागतात. एक वर मशीन रूममध्ये, जिथे मोटर आणि स्विच असतात. दुसरा शाफ्टमध्ये, म्हणजे लिफ्ट ज्या उभ्या पोकळीतून वरखाली जाते तिच्यात, केबिनच्या छतावर उभा. मशीन रूमच्या जमिनीला भोकं असतात. त्यांतून लोखंडी दोर खाली केबिनपर्यंत गेलेले असतात. वरचा माणूस त्या भोकांत तोंड घालून ओरडतो, "घेऊ का?" खालचा आपले हातपाय आत आहेत का बघतो आणि म्हणतो, "घे." मग वरचा केबिन हलवतो.

खालून होकार आल्याशिवाय वरच्याने काही हलवायचं नाही. नियम एवढाच.

वॉकीटॉकी द्या, वॉकीटॉकी द्या म्हणून कंपनीला सांगून आमची जीभ झिजली. साहेब म्हणतात, देऊ. साहेब रिटायर होतील, पण वॉकीटॉकी येणार नाही.

त्या रविवारी खाली होते माझे दाजी. ताईचे यजमान. आधी एका कारखान्यात फिटर होते, तो बंद पडला, मग माझ्याबरोबर यायला लागले. माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठे, पण काम शिकताना त्यांनी कधी मोठेपणा मिरवला नाही. मी शिव्या घातल्या तरी हसायचे.

आणि माणूस भलताच देवभोळा. शाफ्टमध्ये पाऊल टाकण्याआधी डोळे मिटून दोन मिनिटं काहीतरी पुटपुटणार. मी वरून घड्याळ बघत बसणार.

"दाजी, तुमचा देव कितव्या मजल्यावर उतरतो हो?" मी विचारायचो.

"तू जिथे अडकशील तिथे," ते म्हणायचे.

मी मात्र तीन-तीनदा विचारायचो. घेऊ का? नक्की घेऊ का? हात आत आहेत ना? दाजी वैतागायचे. म्हणायचे, "अरे बाबा, एकदा हो म्हटलं ना? इतकं घाबरतोस तर या धंद्यात आलास कशाला?"

मी पूर्वी असा नव्हतो. चार वर्षांपूर्वी झालो. त्याचं कारण याच इमारतीत होतं.

माझे गुरू, ज्यांना आम्ही सगळे उस्ताद म्हणायचो, ते याच शाफ्टमध्ये गेले. अठरा वर्षं आम्ही जोडीने काम केलं होतं. ते खाली, मी वर. त्या दिवशी ते केबिनच्या कडेला वाकून रुळाला ग्रीस लावत होते आणि केबिन हललं. कडेचं लोखंड आणि केबिन यांच्यामध्ये ते सापडले.

चौकशी झाली. मी सांगितलं, मी विचारलं आणि खालून होकार आला. मग मी बटण दाबलं. कागदावर लिहिलं गेलं की मृताने स्वतः होकार दिला आणि स्वतःच्याच चुकीने जीव गमावला.

त्यानंतर मी त्या इमारतीत पाय ठेवला नव्हता. तिथलं काम दुसऱ्या जोडीकडे गेलं. पण त्या रविवारच्या आधी त्यांच्यातला एकजण हात मोडून घरी बसला आणि साहेबांनी मला पाठवलं. नाही म्हणायला तोंड होतं, कारण नव्हतं.

निघताना ताई दारात आली. ती देव वगैरे फारसं मानत नाही, आमच्या घरात ते कुणीच मानत नाही. दाजी चपला घालत होते. ती मला बाजूला घेऊन म्हणाली, "यांचा तिकडे भरवसा असेल. माझा तुझ्यावर आहे. माणूस जसा नेतोयस तसा आणून दे."

मी म्हटलं, "नेतोय कुठे, कामावरच चाललोय ना?"



बाराला आम्ही काम सुरू केलं. इमारतीला सुट्टी. खाली एक वॉचमन, बाकी सगळे मजले बंद. दाजी पाचव्या मजल्यावरून केबिनच्या छतावर उतरले. बाहेरचं दार उघडायची तिकोनी चावी त्यांच्याकडे. माझी चावी मी महिन्यापूर्वी हरवली होती आणि नवी मागायचा आळस केला होता. एका चावीवर भागतंय ना, मग कशाला? ही माझी चूक. लिहून ठेवतो, कारण पुढे ती नडली.

फोन खिशात घेऊन शाफ्टमध्ये उतरायचं नाही, कारण वाकलं की पडतो. म्हणून दाजींनी स्वतःचा फोन मशीन रूममध्ये माझ्या डब्याशेजारी ठेवला होता.

पहिला तास ठीक गेला. मी विचारायचो, ते घे म्हणायचे, मी हातभर हलवायचो, ते दोर तपासायचे.

मग एकच्या सुमारास...

"घेऊ का?"

"घे," दाजी म्हणाले.

आणि त्याच्या पाठोपाठ, जरा खालून...

"घे."

मी थांबलो.

शाफ्टमध्ये आवाज घुमतो. सव्वीस वर्षं घुमताना ऐकतोय. पण घुमलेला आवाज ज्याचा त्याचाच असतो. हा दुसऱ्याच कुणाचा तरी वाटला. मी स्वतःलाच शिवी घातली आणि बटण दाबलं.

थोड्या वेळाने दाजींनी खालून विचारलं, "वर कोण आलंय रे?"

"कोणी नाही. का?"

"मग बोलतोयस कुणाशी?"

मी कुणाशीच बोलत नव्हतो. तासाभरात माझ्या तोंडून "घेऊ का" सोडून एक शब्द निघाला नव्हता. मी म्हटलं, "दाजी, भूक लागली की कान वाजतात. आवरा लवकर."

ते हसले. मला हसू आलं नाही. मशीन रूमचं दार मी सताड उघडं केलं आणि त्याला वीट लावून ठेवली. ऊन थेट मोटरपर्यंत आलं. जरा बरं वाटलं.

दोन वाजता आम्ही जेवलो. मी वर, ते खाली छतावरच. वर यायचा कंटाळा म्हणून त्यांनी डबा बरोबर नेला होता. जेवण झाल्यावर पुन्हा सुरू केलं. केबिन आता चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मधे होतं.

सव्वातीनला मी हाक मारली.

"घेऊ का?"

...काही नाही.

"दाजी, घेऊ का?"

...

"दाजी, चेष्टा पुरे. घेऊ का?"

मग खालून फट्ट असा आवाज आला. काच फुटल्याचा. भोकातून दाजींच्या दिव्याचा पिवळा ठिपका दिसत होता, तो विझला.

खाली काळोख.

मी आधी मेन स्विच बंद केला. हात आपोआपच गेला. मग जमिनीवर पालथा पडलो आणि भोकाला कान लावला. खालून श्वास ऐकू येत होता. खरखर करणारा, तुटक. मधेच थांबायचा. थांबला की माझाही थांबायचा.

वॉचमनला फोन लावला. म्हटलं, आधी अ‍ॅम्ब्युलन्सला फोन कर, अग्निशमनवाल्यांना कर आणि मग चौथ्या मजल्यावर धाव. तो भला माणूस. पाच मिनिटांत चौथ्यावरून त्याचा फोन आला, धापा टाकत होता.

"मिस्त्री, अ‍ॅम्ब्युलन्स पंधरा मिनिटांत येते म्हणतायत. आगवाल्यांना अर्धा तास लागेल. दार उघडत नाही हो. आतून कोणीतरी घोरल्यासारखं करतंय."

दार उघडणार कसं? चावी दाजींच्या खिशात. लोखंडी दार, आतून आकडा. पहार आणली तरी तासाची निश्चिंती.

एकच मार्ग होता. ही जुनी लिफ्ट. केबिन मजल्याच्या बरोबर समोर आलं की त्या मजल्याचं दार आपोआप मोकळं होतं. म्हणजे केबिन चार-पाच फूट खाली, चौथ्या मजल्यावर आणायचं. वॉचमन आत शिरेल, केबिनच्या छताला झडप असते ती उघडेल आणि दाजींना खाली उतरवेल. वीज लागत नाही. मोटरचं चाक हाताने फिरवता येतं. डाव्या हाताने दांडा दाबून ब्रेक मोकळा करायचा, उजव्याने चाक. मजला आला की दोरावरची पिवळी खूण समोर येते.

काम दोन मिनिटांचं होतं.

पण दाजी कसे पडलेत? हात आत आहे की बाहेर लोंबतोय? पाय कुठे आहे? डोकं कुठे आहे? केबिन आणि भिंतीतल्या लोखंडी ब्रॅकेटमध्ये चार बोटांची फट असते. हात बाहेर असला तर गेला. डोकं बाहेर असलं तर...

उस्ताद तसेच गेले होते.

तेवढ्यात दाजींचा फोन वाजला. माझ्या डब्याशेजारी, थरथर करत. वर नाव आलं, "घर".

ताई.

मी उचलला नाही. काय सांगणार होतो? फोन वाजून वाजून बंद झाला. मग पुन्हा वाजला.

आता जे लिहितोय ते मी चार वर्षांत कुणालाही सांगितलं नव्हतं. चौकशीत नाही, ताईला नाही, दाजींना नाही.

उस्तादांचा होकार आला नव्हता.

मी विचारलं होतं, "घेऊ का?" आणि वाट न बघता बटण दाबलं होतं. अठरा वर्षांत त्यांचा होकार चुकला नव्हता. माझा "का" तोंडातून निघायच्या आत त्यांचा "घे" यायचा. इतकी सवय झाली होती की मी ऐकणंच सोडून दिलं होतं. येणारच आहे, मग थांबायचं कशाला? त्या दिवशी आला नाही. ते माझ्या लक्षात आलं, पण बटण दाबल्यावर. चौकशीत घाबरलो आणि खोटं बोललो. मेलेला माणूस नाही म्हणायला येत नाही, हे तेव्हा मला पक्कं ठाऊक होतं.

आणि आता पुन्हा मी वर, माझा माणूस खाली, आणि होकार नाही.

चाक धरलं आणि सोडलं. धरलं आणि सोडलं. मी भोकात तोंड घालून पुन्हा ओरडलो.

"घेऊ का?"

खालची खरखर थांबली.

आणि मग...

"घे."

दाजींचा आवाज नव्हता.

मी तो आवाज अठरा वर्षं दिवसातून पन्नास वेळा ऐकलाय. झोपेत ओळखेन. शेवटी जरा ओढून म्हटलेला, भाजीवाल्याला वजन पुरे म्हणावं तितका निवांत.

उस्ताद.

मी मागे सरकलो तो भिंतीला आपटलो. दारातून ऊन येत होतं. गच्चीवर कबुतरं होती. आणि माझे दात वाजत होते. खोटं सांगत नाही, मला पळून जावंसं वाटलं. जिन्याने खाली, रस्त्यावर, कुठेही.

कारण विचार करा. ज्याला मी मारला, वर त्याच्याच नावावर चूक ढकलली, तो मला सांगतोय, घे. कशाला सांगेल? माझा दाजी वाचावा म्हणून? की मी पुन्हा तेच करावं, त्याच शाफ्टमध्ये, त्याच हाताने, आणि या वेळी ताईच्या दारात जाऊन उभं राहावं म्हणून? मी उस्ताद असतो तर काय केलं असतं? मी तर सूड घेतला असता. माझा स्वभावच तसा आहे.

फोन परत वाजायला लागला. घर.

वॉचमन खालून दारावर बुक्क्या मारत होता. "मिस्त्री, श्वास बंद झाल्यासारखा वाटतोय हो. काहीतरी करा."

मी देवाचं नाव घेतलं नाही. येतच नव्हतं. मी भोकाजवळ गुडघे टेकले आणि म्हटलं, "उस्ताद, मला शिक्षा करायची तर मला करा. ताईला नको."

...खालून पुन्हा तोच आवाज. तितकाच निवांत.

"घे."

मी दांडा दाबला आणि चाक फिरवलं.

त्याला विश्वास म्हणायचं की नाइलाज, मला आजही सांगता येत नाही. दाजींना विचारलं तर म्हणतील, एकच. मला तसं वाटत नाही. माझ्या अंगात भीतीशिवाय काही नव्हतं. हात तेवढे चालत होते.

चाक अर्धं फिरलं. दोर करकरले. खाली केबिन सरकल्याचं कळलं.

"थांब."

मी दांडा सोडला. ब्रेक खाडकन लागला.

आता काय? संपलं का? हात सापडला का? मी कान देऊन बसलो. खाली काहीतरी सरकत होतं... कापड ओढल्यासारखं... मग टर्र असा आवाज. फाटल्याचा. मी डोळे घट्ट मिटले. किती वेळ गेला माहीत नाही. वॉचमन नंतर म्हणाला, मिनिटभर. मला ते मिनिट अजून पुरतंय.

"आता घे."

मी चाक फिरवलं. एक फेरा, दोन, तीन. पिवळी खूण समोर आली. खाली दार उघडल्याचा खडखडाट झाला आणि वॉचमन ओरडला, "आलं, आलं. बस."

मी गच्चीवरून चौथ्या मजल्यापर्यंत कसा उतरलो ते आठवत नाही. पोचलो तेव्हा वॉचमन केबिनमध्ये खुर्चीवर उभा राहून झडपेतून वर बघत होता. मी त्याला बाजूला करून वर चढलो.

दाजी उताणे पडले होते. चेहरा राखेसारखा. उजव्या हाताची बाही मनगटापासून कोपरापर्यंत उभी फाटलेली. तिचं बटण बाहेर, भिंतीतल्या ब्रॅकेटवर अडकून लोंबत होतं. म्हणजे हात बाहेरच होता.

पण आता नव्हता. दोन्ही हात छातीवर घेतलेले, झोपलेल्या माणसाला कुणीतरी नीट करून ठेवावं तसे. हाताला एक ओरखडा नव्हता.

हार्ट अटॅक होता. डॉक्टर म्हणाले, आणखी दहा मिनिटं उशीर झाला असता तर आणून उपयोग नव्हता.

ताई दवाखान्यात आली, माझ्याकडे बघितलं आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. मी लाकडासारखा उभा राहिलो.

वॉचमन संध्याकाळी चहा घेऊन आला. म्हणाला, "मिस्त्री, एक विचारू? तुमच्याबरोबर वर दुसरं कोण होतं?"

"का?"

"नाही, 'थांब' कोण म्हणालं? मोठ्यांदा म्हणालं. तुमचा आवाज नव्हता तो."

"खालून आला ना आवाज?" मी विचारलं.

"छे हो," तो म्हणाला. "वरून आला. तुमच्या खोलीतून."

मी चहा तसाच ठेवला.

चौथ्या दिवशी दाजी बोलायला लागले. ताई औषधं आणायला गेली होती. ते हळूच म्हणाले, "मला वाटलं गेलोच. मग कुणीतरी माझा हात उचलला आणि छातीवर ठेवला. मला डोळे उघडता येईनात, पण हात कळला. देवच होता रे. तू हस, पण होता."

"हसत नाही," मी म्हटलं.

"ग्रीसचा वास येत होता हाताला."

"देवाच्या हाताला ग्रीसचा वास?"

"मिस्त्रीचा देव आहे, त्याला ग्रीसचाच वास येणार," दाजी म्हणाले आणि डोळे मिटून समाधानाने पडून राहिले.

सांगायला गेलो तर सगळंच सांगावं लागलं असतं.

तीन आठवडे मी झोपलो नाही. शेवटी एका सकाळी उठलो आणि उस्तादांच्या घरी गेलो. दोन खोल्यांचं घर, जिन्याशेजारी. वहिनी पडदे शिवतात. कापड जमिनीवर पसरून मोठ्या कात्रीने कापत होत्या. मला बघून म्हणाल्या, "या भाऊजी. चार वर्षांनी वाट सापडली का?"

मी बसलो नाही. बसलो असतो तर धीर गेला असता. उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. रविवारचं आधी, आणि मग चार वर्षांपूर्वीचं. होकार आला नव्हता, वहिनी. मी थांबलो नाही. चौकशीत खोटं बोललो.

कात्री चालायची थांबली होती. त्या वर बघत नव्हत्या.

"मला माहीत आहे," त्या म्हणाल्या.

"कसं?" मी विचारलं.

"आदल्या रात्रीपासून त्यांचा आवाज बसला होता, भाऊजी. पार बसला होता. शब्द फुटत नव्हता. मी म्हटलं, आज जाऊ नका, ओरडणार कसे? तर हसले. कानाशी येऊन कुजबुजले, वर तो आहे, मला आवाजाची काय गरज?" त्यांनी कापडावरून हात फिरवला. "चौकशीचा कागद आला, त्यात लिहिलं होतं, ओरडून होकार दिला. त्याच दिवशी कळलं मला."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"तुम्ही याल म्हणून थांबले."

त्या दिवशी उस्ताद उशिरा आले होते. थेट खाली उतरले, मी वर होतो, आमची गाठच पडली नव्हती आणि ती दिवसातली पहिलीच हाक होती. मी जरा थांबलो असतो, तर होकार आला नसता. मी वैतागून जिना उतरून बघायला गेलो असतो. उस्तादांनी गळ्याला हात लावून दाखवला असता आणि आम्ही दोघं हसलो असतो. एवढंच झालं असतं.

"वहिनी, मला..." मी म्हटलं.

"मला सांगून काय उपयोग? मला माहीतच होतं," त्या म्हणाल्या. "कागदावर सांगा. माझी मुलगी तो कागद वाचते."

मी हो म्हटलं आणि वळलो. दारापर्यंत गेलो असेन.

"भाऊजी."

त्या पहिल्यांदाच माझ्याकडे बघत होत्या.

"त्या रविवारी... आवाज कसा होता त्यांचा? मोकळा होता का?"

"मोकळा होता, वहिनी. अगदी स्वच्छ."

त्यांनी मान हलवली. बराच वेळ हलवत राहिल्या. मग ओठांवर पदर धरला, आणि मी दार लोटून घेतलं.

मला माफ केलं का, ते त्या बोलल्या नाहीत. उस्तादांनी केलं का, तेही मला माहीत नाही. दाजींना वाचवलं म्हणजे मला सोडलं, असं थोडंच असतं?

कागद लिहून झालाय. तीन ओळींचा आहे, खाली माझी सही. अकरा दिवस खिशातच आहे. दाजी घरी आलेत आणि येईल त्याला सांगतायत, देवाने याच्या हातून मला वाचवलं. ताई मला आता उलट उत्तर देत नाही. हे सगळं तो कागद दिल्यावर राहील का, मला कळत नाही. रोज ऑफिसच्या जिन्यापर्यंत जातो. तिथून परत फिरतो.

मेलेल्या माणसाचा आवाज ऐकून मी चाक फिरवलं. जिवंत माणसांसमोर मात्र अजून तोंड उघडवत नाही.

उद्या सोमवार आहे. ऑफिस दहाला उघडतं.